भावनांना नाव देणारे ग्रंथ



शताब्दीच्या प्रसंगी ग्रंथांची थोरवी सांगण्याचा प्रघात आहे, आणि शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेला ती ऐकण्याचा अधिकारही आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र थोरवीचा नसून गरजेचा आहे. बारा ते अठरा वर्षे वयाच्या मुलामुलींना आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखता यावे, रागलोभ आवरता यावेत, दुसऱ्याचे सुखदुःख जाणता यावे आणि चार माणसांत मिळूनमिसळून वागता यावे, यासाठी ग्रंथांचा कितपत उपयोग होतो, हा तो विषय. पांढुर्णा आणि सौंसर या परिसराच्या संदर्भात त्याचा विचार केला, म्हणजे पाठ्यक्रमांत सहसा न सापडणाऱ्या काही गोष्टी हाती लागतात.

या विषयाची परिभाषा अलीकडची आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये 'भावनिक बुद्धिमत्ता' ही संकल्पना मांडली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या ग्रंथाने ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवली. त्याच दशकात जागतिक आरोग्य संघटनेने शालेय मुलांसाठी दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची जाण, समानुभूती, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, ताणाला आणि भावनांना तोंड देणे, ही त्यांपैकी काही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सामाजिक आणि भावनिक विकासाला स्थान मिळाले.

परिभाषा नवी असली तरी चिंता जुनी आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव सांगितले आणि त्यांच्या जोडीला तेहतीस व्यभिचारी भाव मोजून दिले. ही यादी साहित्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरती पाठ असते. खरे तर ती प्रत्येक पालकाने एकदा वाचावी अशी आहे. क्रोध हा स्थायीभाव झाला. परंतु असूया, अमर्ष आणि उग्रता यांना भरताने निराळी नावे दिली. दुसऱ्याचा उत्कर्ष न साहवणे ती असूया. अपमान जिव्हारी लागून त्याची परतफेड करण्याची जी ऊर्मी उठते तो अमर्ष. विषाद वेगळा, दैन्य वेगळे, ग्लानी वेगळी. त्या यादीत 'अवहित्थ' नावाचाही एक भाव आहे. मनातले चेहऱ्यावर उमटू न देणे, हे त्याचे स्वरूप. पंधरा वर्षांच्या मुलाला 'काय झाले रे?' असे विचारावे आणि त्याने मान फिरवून 'काही नाही' म्हणावे, या घरोघरच्या प्रसंगाला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच नाव मिळालेले आहे.

नाव देण्याला एवढे महत्त्व कशासाठी? एखादा मुलगा जेवणाचे ताट सरकवून उठतो. 'त्याला राग आला आहे' असे म्हणून घरची माणसे मोकळी होतात. त्या रागाच्या तळाशी धाकट्या भावाचा हेवा असेल, वर्गात झालेली फजिती असेल, किंवा वडिलांच्या डोळ्यांत दिसलेल्या निराशेची शरम असेल. हेव्यावर जो उपाय लागू पडतो तो शरमेवर पडत नाही. मुलापाशी नेमका शब्द नसला, की हे सारे रागाच्याच खात्यावर जमा होत जाते आणि एक दिवस भलत्याच माणसावर निघते. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की भावनेला शब्दांत नाव दिले असता मेंदूतील अमिग्डाला या भागाची उत्तेजना कमी होते. भय आणि क्रोध यांच्याशी या भागाचा निकटचा संबंध आहे. आजीने जवळ बसवून 'रुसलास होय रे?' असे विचारले की मुलाचा आवेग ओसरू लागतो, हा आपल्याकडचा अनुभव प्रयोगशाळेत या रीतीने दिसून आला.

नाव हवे म्हणजे भाषा हवी. आणि येथे पांढुर्णा-सौंसरचा प्रश्न इतर ठिकाणांहून वेगळा होतो. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच प्रांतात होते. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती, आणि हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना कारभारात स्थान होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्याबरोबर या दोन तहसिली, मध्यप्रदेशात राहिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसरचा समावेश त्यात झाला. सीमा बदलल्या, जिल्हे बदलले, तरी घरातली बोली राहिली. संत्र्याच्या बागेत आणि कापसाच्या वेचणीत नागपुरी-वऱ्हाडी वळणाची मराठी ऐकू येते, तिच्या शेजारी पवारी बोली नांदते. मुलाचे पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका आणि अर्ज मात्र बहुधा हिंदीत असतात.

यातून मनाची एक विभागणी घडते. उत्तर लिहिण्याची भाषा एक आणि रडण्याची भाषा दुसरी. रुसणे, हिरमुसणे, खट्टू होणे, चरफडणे, ओशाळणे, कानकोंडे होणे, हुरहुर लागणे ही क्रियापदे मुलाने आईआजीच्या तोंडून ऐकलेली असतात. वहीत ती त्याने कधी लिहिलेली नसतात. हिंदीत भावनांना शब्द कमी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. ज्या शाळांत प्रेमचंद शिकवले जातात, तेथे असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु शाळेच्या भाषेत मूल बहुधा विचारलेल्याचे उत्तर देते. न विचारलेले बोलते ते घरच्या भाषेत. ती भाषा छापील पानावर दिसली, की आपले रुसणे, आपले ओशाळणे हेही पुस्तकात येण्याच्या योग्यतेचे आहे, असा त्याला धीर येतो. सरहद्दीवरच्या मराठी ग्रंथालयाचे तरुण पिढीसाठी पहिले काम हा धीर देण्याचे आहे. भाषेचा अभिमान त्याच्या मागून आपोआप येतो.

योगायोग असा, की या विषयाला अत्यंत उपकारक अशा दोन कृती दोन्ही भाषांत एकाच वर्षी जन्मल्या. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहावयास घेतली. १९३५ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच १९३३ मध्ये प्रेमचंदांची 'ईदगाह' ही कथा प्रसिद्ध झाली. जत्रेत गेलेल्या हमीदपाशी अवघे तीन पैसे आहेत. सोबतची मुले खेळणी घेतात, मिठाई खातात, त्याला चिडवतात. भाकरी भाजताना आजीची बोटे पोळतात हे त्याला आठवते, आणि तो लोखंडी चिमटा विकत घेतो. मोह आवरणे हा या कथेचा एक भाग झाला. दुसरा भाग तितकाच मोलाचा आहे. थट्टा करणाऱ्या मित्रांपुढे हमीद रडत नाही, भांडत नाही. आपल्या चिमट्याची बाजू तो अशा चातुर्याने मांडतो, की तीच मुले चिमट्याकडे कौतुकाने पाहू लागतात. दहा जीवनकौशल्यांपैकी निम्मी तरी या लहानशा कथेत कोणत्याही उपदेशाविना येऊन गेली आहेत.

'श्यामची आई'कडे संस्कारांचे पुस्तक म्हणून पाहण्याची सवय जडली आहे. त्या सवयीमुळे त्यातील एक मोठा गुण झाकला जातो. प्रौढ झालेला श्याम आपल्या सोबत्यांसमोर बसून स्वतःचे भित्रेपण, हट्ट आणि चुका सांगतो. पोहण्याच्या भीतीने तो लपून बसतो, आईच्या हातचा मार खातो, विहिरीत उतरतो आणि भीती ओलांडतो. स्नानानंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तो आईपाशी हट्ट धरतो आणि पायांइतकेच मनाला जपण्याची शिकवण घेऊन उठतो. आपली फजिती आपल्याच तोंडाने, कोणालाही दोष न देता सांगता येणे, ही भावनिक परिपक्वतेची खूण होय. मुलांनी श्यामकडून घ्यावे ते हे. त्याचबरोबर आजच्या मुलांना या पुस्तकाला प्रश्न विचारण्याची मुभा असली पाहिजे. भिणाऱ्या मुलाला मारणे योग्य होते काय? दुसरा उपाय होता काय? मार खाताना श्यामला काय वाटले असेल, आणि मारताना आईला? असे प्रश्न विचारल्याने साने गुरुजींच्या थोरवीला उणेपणा येत नाही. पुस्तक पूजेच्या पाटावरून उतरून मुलांच्या हाती येते. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात हे 'आंतरभारती'चे स्वप्न गुरुजींनी पाहिले होते. हमीद आणि श्याम यांना एकाच बैठकीत भेटवण्याची सोय पांढुर्णा-सौंसरच्या मुलांना जन्मतःच मिळालेली आहे.

वय थोडे वाढले की प्रश्न बिकट होतात. तेव्हा पुस्तकेही अधिक धीट लागतात. आनंद यादव यांची 'झोंबी' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कागलच्या शेतकरी घरातला मुलगा शाळेसाठी बापाशी झुंजतो. बापाविषयीची चीड आणि घराच्या दैन्याची जाण त्याच्या मनात एकाच वेळी वसतात, आणि लेखक दोहोंपैकी एकीलाही खोटी ठरवत नाही. ज्या मुलाला बागेचे काम टाकून अभ्यासाला बसावेसे वाटते आणि त्याच वेळी थकलेल्या वडिलांकडे पाहून अपराधी वाटते, त्याला आपल्या मनाची ही ओढाताण 'झोंबी'त दिसते. परस्परविरोधी दोन भावना एकत्र नांदू शकतात आणि त्यामुळे आपण वाईट ठरत नाही, हे समजणे किशोरवयात फार आवश्यक असते.

प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास' १९९४ मध्ये आला. त्यातील लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांच्या घरी वाढतो, तोही बेळगावकडच्या, कानडी शेजाराच्या मुलखात. त्याच्या मराठीत कानडीचा सूर सहज मिसळलेला आहे. 'तुमची मराठी शुद्ध नाही' हे वाक्य नागपूर-पुण्याकडे गेलेल्या इकडच्या मुलांना ऐकावे लागते. त्यांनी लंपन वाचावा. सरमिसळीच्या बोलीत मराठीतील उत्तम ललित लेखन होऊ शकते, हे कळल्यावर ओशाळण्याचे कारण उरत नाही. शिवाय हुरहुर म्हणजे काय, हे लंपनइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल.

परभाषेतून आलेले एक पुस्तकही येथे सांगितले पाहिजे. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचे 'तोत्तोचान' १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. नॅशनल बुक ट्रस्टच्या अनुवादामुळे ते मराठी वाचकांना परिचित आहे. एका शाळेतून काढून टाकलेल्या मुलीला टोकियोतील तोमोई शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी समोर बसवतात आणि चार तास तिचे बोलणे ऐकतात. पुढे ती मुलगी पोलिओ झालेल्या वर्गमित्राला मोठ्या खटपटीने आपल्या झाडावर चढवते. ज्याचे ऐकून घेतले गेले, तो दुसऱ्याला हात देतो, हा संबंध लेखिका कोठेही बोलून दाखवत नाही; वाचणाऱ्याला तो आपसूक कळतो. रेल्वेच्या डब्यांत भरणारी ती शाळा १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळाली. तिची आठवण मात्र एका विद्यार्थिनीच्या पुस्तकामुळे जगभर पोचली.

पांढुर्ण्याचा विषय निघाला म्हणजे गोटमारीचा उल्लेख टाळता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगडांचा मारा सुरू होतो. झेंडा अखेर चंडीमातेला अर्पण केला जातो. वर्षोवर्ष शेकडो माणसे जखमी झाली आहेत, काही घरांतील माणसे कायमची गेली आहेत. श्रद्धा, परंपरा आणि बंदोबस्त यांचा वाद या व्यासपीठावर सुटणारा नाही. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते या परंपरेमागे सांगितल्या जाणाऱ्या कथेकडे. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक तरुणी नदी ओलांडून जात असता मध्यावर अडवली गेली आणि दोन्ही काठांवरून दगड आले, अशी ती लोककथा. पिढ्यान्पिढ्या ती सांगितली जाते. कोणत्या काठाने काय केले, हे तीत असते. पात्राच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या मुलीला काय वाटले असेल, हे मात्र तीत येत नाही. दगड मारणाऱ्यांत तिचा भाऊ असेल. ज्या काठाकडे ती निघाली होती, तोही आता सुरक्षित राहिलेला नव्हता.

साहित्याचा आरंभ या 'काय वाटले असेल?' पासून होतो. ग्रंथालयात जमलेल्या मुलांना हा प्रसंग लिहावयास सांगावा. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावच्या काठावरून लिहावा, सावरगावच्या मुलाने पांढुर्ण्याच्या काठावरून, आणि एखाद्या मुलीने नदीच्या मध्यावरून. परंपरेविरुद्ध एक शब्दही न उच्चारता हे करता येईल. काठावरची गर्दी समोरून गर्दीसारखीच दिसते, तिला चेहरे नसतात. ज्याने एकदा पलीकडच्या माणसाच्या मनातून चार ओळी लिहिल्या, त्याला तेथे चेहरे दिसू लागतात. पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा असतो आणि लहान मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. बैलाची दोरी धरण्याचे वय आणि हातात दगड येण्याचे वय यांच्यामध्ये दहा-बारा वर्षे असतात. ती वर्षे ग्रंथालयाच्या वाट्याला आलेली आहेत.

एवढे सांगितल्यानंतर ग्रंथांच्या मर्यादाही सांगणे कर्तव्य ठरते. डेव्हिड किड आणि इमान्युएल कास्टानो यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात असा निष्कर्ष मांडला, की साहित्यिक कथा वाचल्यानंतर दुसऱ्याचे मन ओळखण्याची क्षमता तात्पुरती वाढलेली दिसते. त्याचा जगभर गाजावाजा झाला. २०१६ मध्ये इतर संशोधकांनी तेच प्रयोग करून पाहिले, तेव्हा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. तेव्हा पुस्तक हाती दिले की मूल आपोआप सहृदय होते, असा दावा कोणत्याही ग्रंथालयाने करू नये. कपाटेच्या कपाटे वाचूनही घरात कठोर वागणारी माणसे समाजात दिसतातच. पुस्तक मनाचे दार ढकलते. आत पाऊल पडण्यासाठी बहुधा दुसरे माणूस सोबत लागते, वाचून दाखवणारे, ऐकून घेणारे, घाईने न्याय न देणारे.

ही सोबत किती निकडीची आहे, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या प्रत्येकाचे कारण वेगळे असणार, आणि एखादे पुस्तक वाचले असते तर तो वाचला असता, असे म्हणणे उथळपणाचे होईल. खचलेल्या मुलाला वैद्यकीय मदतच हवी. त्यासाठी २०२२ पासून शासनाची 'टेलिमानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू झाली आहे, आणि तो क्रमांक ग्रंथालयाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावण्यास काही खर्च येत नाही. ग्रंथालयाचे काम त्याच्या फार अलीकडे सुरू होते. 'मला मदत हवी' हे वाक्य उच्चारण्याइतकी भाषा आणि तेवढा विश्वास मुलापाशी आधीपासून असावा, यासाठी ते आहे.

मग ग्रंथालयाने काय करावे? डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय. किशोरवाचकाच्या बाबतीत तो पाळावयाचा, तर काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. कुमारांची पुस्तके कुलपाच्या कपाटात न ठेवता त्यांच्या हाताला येतील अशा खणांत मोकळी असावीत. चिमुकल्यांसाठी माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारखी चित्रपुस्तके असावीत, कारण भावनांची अक्षरओळख शाळेच्या आधीपासून सुरू होते. आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचन व्हावे, एकदा मराठी, एकदा हिंदी. वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नये. 'कोणाचा राग आला?', 'कोठे थांबावेसे वाटले?' एवढे विचारावे आणि उत्तर बोलीत आले तर ते सुधारू नये. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा जाब मागू नये. मुलाने कोणते पुस्तक नेले, याची चर्चा त्याच्या घरच्यांशी करू नये. मुलगी असेल तर मुळीच करू नये. मुलींना सोयीची वेळ आणि बसण्याची सुरक्षित जागा मिळते की नाही, हे कार्यकारी मंडळाने प्रत्यक्ष पाहावे. चांगल्या पुस्तकाच्या पाच-सहा प्रती एकदम घ्याव्यात, म्हणजे मित्रमैत्रिणींना एकाच वेळी ते वाचता येईल आणि त्यावर भांडताही येईल.

शताब्दीच्या निमित्ताने देणगीदार सढळ हाताने पुढे येतात. कोणी कपाट देईल, कोणी सभागृहाच्या दुरुस्तीचा भार उचलेल. त्यांच्यापैकी काहींनी पैशांऐवजी आठवड्यातला एक तास द्यावा, असे सुचवावेसे वाटते. निवृत्त शिक्षक, बागाईतदार, गृहिणी, दुकानदार, ज्याला वाचता येते आणि ऐकता येते असा कोणीही सभासद या कामास योग्य आहे. कोबायाशी गुरुजींनी त्या मुलीला चार तास दिले होते. येथे एका तासाचीच मागणी आहे.